खेळात दुखावलेला गुडघा

गावची यात्रा आली की कबड्डीचे सामने आलेच. आमच्या भागात जुनी माणसे या खेळाला अजून हुतूतू म्हणतात. सामन्याआधी दोन दिवस मैदानातले खडे वेचायचे, माती चाळून पसरायची, पाणी मारायचे, चुन्याच्या रेघा ओढायच्या. शाळेच्या कामाबरोबर गावच्या संघाचे हे कामही आम्ही पुष्कळ वर्षे पाहिले.

२००३ सालच्या यात्रेतली गोष्ट. आमचाच एक जुना विद्यार्थी, वय एकोणीस, चढाईला गेला. डावीकडून दोघांनी त्याला धरले. त्याने उजवा पाय मातीत घट्ट रोवला आणि अंग मध्यरेषेकडे फिरवले. पाय जागचा हलला नाही, अंग मात्र वळले. 'कट्' असा आवाज झाला. रेघेजवळ बसलेल्यांनी तो ऐकला. पोरगा गुडघा धरून खाली बसला. दिवेलागणीपर्यंत त्याचा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

मग आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. गरम पाण्याने शेकले. एका पैलवानाने तेल लावून जोरात चोळले. दुसऱ्या दिवशी हाडवैद्याकडे नेले. त्याने पाय ओढला, बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधला. तीन आठवड्यांत सूज उतरली. तेवढ्यात तालुक्याचे सामने आले. पोरगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, आता काय दुखत नाय." आम्ही म्हणालो, "दहा बैठका काढून दाखव." त्याने काढल्या. आम्ही त्याला संघात घेतले.

दुसऱ्याच चढाईला तो पडला. कोणी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. नुसता वळला आणि गुडघा आतल्या आत सटकला. त्यानंतर तो गुडघा सटकतच राहिला. शेताच्या बांधावरून उतरताना, एस.टी.तून पाय खाली टाकताना, कधीही. आज त्या माणसाने चाळिशी ओलांडली आहे. त्याला मांडी घालून बसता येत नाही. लग्नाच्या पंगतीत सगळे खाली बसतात आणि तो कडेला खुर्चीवर बसतो. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही. पण ती खुर्ची दिसली की आमचे जेवणात लक्ष राहत नाही.

त्या दिवशी आम्हांला जे ठाऊक नव्हते ते आता सांगतो.

आपला गुडघा म्हणजे तीन हाडांचा सांधा. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे झाकणासारखी वाटी. मांडीचे हाड नडगीवर नुसते टेकलेले असते. खुंटी भोकात बसावी तसे ते बसलेले नसते. मग ते घसरत का नाही? मांडवाचा खांब जसा दोरांनी ताणून धरतात, तशी ही हाडे चिवट दोरांनी बांधलेली असतात. या दोरांना अस्थिबंध म्हणतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. मुख्य दोर चार. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला आणि दोन सांध्याच्या पोटात, एकमेकांवर फुलीसारखे. या फुलीतला पुढचा दोर नडगीला पुढे घसरू देत नाही आणि वळताना गुडघा आवरून धरतो. डॉक्टरांच्या कागदावर त्याचे नाव 'एसीएल' असे असते. हे नाव लक्षात ठेवा. खेळाडूच्या गुडघ्यात पुष्कळदा हाच तुटतो.

हाडांच्या मध्ये दोन गाद्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. अंगाचा भार त्या झेलतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. गुडघ्याला पीळ बसला की दोराबरोबर गादीही फाटू शकते.

पाय रोवलेला आणि अंग वळलेले, हीच या दुखापतीची खूण. कबड्डीत चढाई करणारा पकडीतून निसटताना असे होते. खो-खोत खांबाला वळताना होते. फुटबॉलमध्ये होते. उंच उडी मारून वाकड्या पायावर उतरले तरी होते. म्हणजे दुसऱ्याने धक्का द्यायलाच हवा असे नाही. आणखी एक गोष्ट. असेच खेळ खेळणाऱ्या मुलींमध्ये हा दोर तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते. आता गावोगावच्या मुली कबड्डी खेळतात, हे आम्हांला फार आवडते. म्हणून त्यांच्या आईबापांनी हा पाठ जरूर वाचावा.

गुडघा नुसता लचकला की आत काही तुटले, हे घरी नक्की कळत नाही. पण काही खुणा आहेत. दुखापतीच्या वेळी 'कट्' असे जाणवले, दोनचार तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचले असे बहुधा समजावे. साध्या लचकेची सूज हळूहळू, दुसऱ्या दिवशी चढते. उभे राहिल्यावर गुडघा आपला वाटत नाही, दगा देतो, हीसुद्धा दोर तुटल्याची खूण आहे. गुडघा मध्येच अडकला, सरळच होईना, तर गादीचा तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो. अशा वेळी ओढून सरळ करू नये. आणि चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडल्याची शंका घ्यावी.

यांतली कोणतीही खूण दिसली तर डॉक्टरला दाखवायचेच. त्यासाठी एकदोन दिवस गेले तरी चालतात. मात्र काही वेळा तासाचाही उशीर चालत नाही. गुडघा उघड वाकडा झाला, पाऊल गार पडले, पांढरे किंवा निळे दिसू लागले, बोटांना मुंग्या आल्या, बोटे हलेनात, तर पायाची मोठी रक्तवाहिनी दबलेली किंवा फाटलेली असू शकते. पाय गमवायची वेळ येते. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात जावे. गुडघा लाल, गरम झाला आणि ताप भरला, तरी त्याच दिवशी दाखवावे.

आता मैदानावर काय करावे ते पाहू. पहिले काम म्हणजे खेळ थांबवणे. "उठ, शूर हो, एक चढाई मार" असे कोणी म्हणू नये. दोघांनी खांद्याचा आधार देऊन खेळाडूला बाहेर आणावे. पाय उशीवर किंवा घोंगडीच्या घडीवर उंच ठेवावा. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून पंधरावीस मिनिटे गुडघ्यावर ठेवावा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नये, कातडी भाजल्यासारखी होते. गावात बर्फ कुठला, असे तुम्ही म्हणाल. आता थंड पेयांच्या दुकानात तो असतो. नाहीच मिळाला तर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. पहिले दोनतीन दिवस दर दोनतीन तासांनी असे करावे. वरून ताणाची पट्टी गुंडाळावी. औषधाच्या दुकानात तिला क्रेप बँडेज म्हणतात. ती बेताची घट्ट असावी. बोटे सुजली किंवा बधिर झाली तर सैल करावी.

पहिल्या दोनतीन दिवसांत शेकू नये. चोळू नये. आत रक्त वाहत असताना शेकले आणि चोळले की सूज वाढते. आम्ही त्या पोराला नेमके हेच केले. आंबेहळदीचा लेप लावायला आजीबाई सांगतात. पातळ, गार लेप लावला तर आमची काही हरकत नाही. तुटलेला दोर त्याने जुळत नाही, एवढे ध्यानात असू द्या. बिब्बा मात्र मुळीच लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि उद्या शस्त्रक्रिया करायची झाली तर फोड बरे होईपर्यंत डॉक्टर सुरी लावत नाहीत. कामट्या आवळून बांधल्याने पायाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. हाडवैद्याच्या हातगुणावर लोकांचा विश्वास असतो, हे आम्ही जाणतो. पण गुडघ्याच्या पोटातला दोर त्याच्या बोटाला लागत नाही.

डॉक्टरकडे जायचे म्हणजे कुठे जायचे? इथे आमच्या त्या विद्यार्थ्याचीच पुढची गोष्ट सांगतो. त्याची पुतणी कॉलेजच्या संघात कबड्डी खेळते. डिसेंबर २०२३ मध्ये सामन्यात तिचा गुडघा तसाच वळला. तसाच आवाज आला. घरात आजीने चुलीवर पाणी ठेवले. काका खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "आई, ते पाणी खाली उतरव. माझं जे झालं ते पुरे." दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरीला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला.

तिथल्या डॉक्टरांनी गुडघा पाहिला, वेदनेची गोळी दिली आणि ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली. ही चिठ्ठी जपून ठेवावी. पुढे प्रत्येक ठिकाणी ती विचारतात. ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढून क्ष-किरण फोटो काढला. हाड मोडलेले नव्हते. "फोटो नॉर्मल आहे," असे कळले.

बहुतेक माणसे इथेच फसतात. फोटो नॉर्मल म्हणजे गुडघा नॉर्मल असे समजून घरी येतात. क्ष-किरणात हाडे दिसतात. दोर आणि गाद्या दिसत नाहीत. फोटो काढायचा तो हाड मोडलेले नाही ना, हे पाहण्यासाठी. दोर पाहायचा तर हाडांच्या डॉक्टरांचा हात हवा. म्हणून काका तिथे थांबला नाही. त्याने विचारले, "हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात?" हा प्रश्न तुम्हीही विचारावा. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हाडांचे डॉक्टर असतात. त्यांचे बाह्यरुग्ण विभागाचे वार ठरलेले असतात. वार न विचारता गेले तर एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात.

हाडांचे डॉक्टर रोग्याला पाठीवर निजवतात, गुडघा थोडा वाकवतात आणि नडगी हलकेच पुढे ओढून पाहतात. दोर शाबूत असेल तर नडगी एका जागी येऊन थांबते. तुटला असेल तर पुढे सरकते. दुसऱ्या पायाशी ताडून पाहतात. गुडघा सुजलेला आणि दुखरा असला तर हे नीट कळत नाही. मग डॉक्टर आठपंधरा दिवसांनी परत बोलावतात. पुष्कळ लोक पुन्हा जात नाहीत, कारण तोवर सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते. वीस वर्षांपूर्वी आमची चूक झाली ती इथेच. सूज उतरणे वेगळे आणि दोर जुळणे वेगळे. दहा बैठका सरळ पायावर निघतात. दोराची परीक्षा वळताना होते.

पुतणी पंधरा दिवसांनी पुन्हा गेली. डॉक्टरांनी एम.आर.आय. करायला सांगितला. या नावाला घाबरू नये. एका बोगद्यासारख्या यंत्रात अर्धा तास निश्चल पडून राहायचे. यंत्र ठकठक असा मोठा आवाज करते. दुखत काही नाही. त्यात क्ष-किरण नसतात, मोठा लोहचुंबक असतो. म्हणून अंगावरचे दागिने, पिना, घड्याळ काढून ठेवावे लागते. हृदयात यंत्र बसवले असेल किंवा शरीरात धातूचा तुकडा असेल तर आधी सांगावे. खासगी ठिकाणी या तपासणीला काही हजार रुपये पडतात. सरकारी मोठ्या रुग्णालयात ती स्वस्तात होते, पण नंबर लागायला वेळ लागतो. थांबणे परवडते. तेवढ्या दिवसांत व्यायाम चालू ठेवता येतो.

तपासणीत निघाले की एसीएल पूर्ण तुटला आहे आणि एक गादीही थोडी फाटली आहे.

दोर तुटला म्हणजे शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, असे नाही. आतल्या बाजूचा दोर ताणला किंवा फाटला तर तो बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायाम यांनीच काही आठवड्यांत जुळतो. फुलीतला पुढचा दोर मात्र पूर्ण तुटला तर आपणहून नीट जुळणे अवघड असते. तरीही ज्याला सरळ चालायचे, बसून काम करायचे आहे आणि ज्याचा गुडघा दगा देत नाही, त्याला मांडीचे स्नायू बळकट करून भागवता येते. ज्याला पुन्हा वळणाचा खेळ खेळायचा आहे किंवा ज्याचा गुडघा रोजच्या कामातही सटकतो, त्याला डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. प्रत्येक वेळी गुडघा सटकला की गादी थोडी थोडी भरडते. जात्यात दाणा भरडावा तसे. मग हाडावरचा गुळगुळीत थर झिजतो आणि चाळिशीतच म्हातारपणाचा गुडघा येतो. काकाचे तसेच झाले.

लोक डॉक्टरला विचारायला लाजतात. लाजू नये. शस्त्रक्रिया नाही केली तर काय होईल, केली तर किती महिने काम बंद राहील, खर्च किती, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. उत्तर कळले नाही तर पुन्हा विचारावे. सोबत लिहिता येणारे माणूस न्यावे आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. आता तुम्हांलाच लिहिता येते, तेव्हा वही तुम्हीच धरा.

खर्चाबद्दल थोडे सांगतो. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. ठरवलेल्या रुग्णालयांत ठरावीक उपचार तिच्यातून होतात. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जावे. आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, या रुग्णालयात ती होते का, हे भरती होण्याआधी त्याला विचारावे. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

पुतणीला डॉक्टरांनी लगेच टेबलावर घेतले नाही. आधी सूज पूर्ण उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, मगच, असे ते म्हणाले. आजीला वाटले, डॉक्टर टाळतात. तसे नव्हते. ताठलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली तर तो पुढेही ताठलेलाच राहण्याची भीती असते. म्हणून दोनअडीच महिने तिने व्यायाम केला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा आणि धरायचा. या व्यायामाला ना पैसा लागतो, ना यंत्र. तो फिजिओथेरपिस्टने शिकवावा आणि तसाच करावा.

फेब्रुवारी २०२४ अखेर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर करतात. गुडघ्याला लहान भोके पाडतात. एकातून बारीक दुर्बीण जाते, दुसऱ्यातून हत्यारे. तुटलेला दोर शिवून सहसा भागत नाही. म्हणून रोग्याच्याच मांडीच्या मागच्या बाजूची किंवा वाटीखालची स्नायूची दोरी घेऊन नवा दोर वळतात आणि हाडांना भोके पाडून त्यांत पक्का करतात. पुतणी तिसऱ्या दिवशी कुबड्यांवर घरी आली. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले होते: पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर तारखेची वाट न पाहता यायचे.

शस्त्रक्रिया दीडदोन तासांची. खरे काम नंतरच्या नऊदहा महिन्यांचे. बसवलेला दोर पहिल्या दिवशी मेलेल्या वादीसारखा असतो. अंगातले रक्त हळूहळू त्यात शिरते आणि तो जिवंत होतो. गंमत अशी की पहिल्या काही महिन्यांत तो आधी कमजोर होतो आणि मग पिकतो. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते. म्हणून नऊ महिन्यांच्या आत वळणाच्या खेळाला उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा जास्त प्रमाणात दुखावतो.

आमच्याकडे ती पाचव्या महिन्यात आली. चालण्यात काही फरक दिसत नव्हता. गणपतीत मुलींचे सामने होते. ती म्हणाली, "गुरुजी, आता काय दुखत नाय."

आमच्या अंगावर काटा आला. शब्द तेच होते. या खेपेस आम्ही बैठका काढायला सांगितल्या नाहीत. फिजिओथेरपिस्टची वही मागितली. तिच्यात दोन्ही मांड्यांची मापे लिहिली होती. दुखऱ्या पायाची मांडी अजून दोन बोटे बारीक होती. आम्ही ते आकडे तिला मोठ्याने वाचायला लावले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे अजून पाच महिने?" आम्ही म्हणालो, "डॉक्टर सांगतील तेवढे." गणपतीत ती गुण मोजायला बसली.

डिसेंबर २०२४ मध्ये तिची परीक्षा झाली. एका पायावर लंगडी घालून किती अंतर जाते, दोन्ही पायांचे ताडून पाहिले. उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का, ते पाहिले. दुखरा पाय चांगल्या पायाच्या जवळपास आला होता. डॉक्टरांनी सरावाची परवानगी दिली. पहिले सहा आठवडे पकड नाही, फक्त धावणे, वळणे आणि रिकाम्या मैदानावर चढाई.

त्या संध्याकाळी ती शाळेच्या मैदानावर उतरली. कडेला काका खुर्ची टाकून बसला होता. पहिल्या वळणाला त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. ती वळली, रेघ शिवून परत आली आणि पुन्हा गेली.